उतरणीतला शेवटचा बुधवार

"हा माणूस कमी बोलायला लागला की तुम्ही पोरी खूश होऊ नका," फुमिएकाकू म्हणाल्या होत्या, "तो कशासाठी तरी ताजा होतोय असं समजा." अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरातली. माझ्या तोंडात गरम मोचीचा, तांदळाच्या चिकट गोळ्याचा, तुकडा होता आणि तो टाळूला चिकटू नये म्हणून मी जिभेने इकडून तिकडे ढकलत होते. मला हसू आलं. नवऱ्याबद्दल बायका अशाच बोलत असणार असं तेव्हा वाटायचं. माझं लग्न व्हायचं होतं. काकू ओल्या हातांनी तशाच माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हस, हस. दात आहेत तोवर हसून घे." आणि पुन्हा मुळ्याच्या चकत्या करायला लागल्या. ते वाक्य मी मोचीबरोबर गिळलं ते गिळलंच. या बुधवारी सकाळी सव्वादहा वाजता, डाव्या हातात पोस्टकार्ड आणि उजव्या हातात नेनेची ओली पँट धरून दारात उभी असताना ते वर आलं.

त्याआधी सकाळीच एक गोष्ट झाली होती. नेने उठली आणि माझ्याकडे न येता सरळ खिडकीशी गेली. झालं ते एवढंच. नेने माझी मुलगी, वीस महिन्यांची. रोज डोळे उघडायच्या आधी तिचा हात माझ्या गळ्याशी येतो, सदऱ्याचं वरचं बटण शोधतो, सापडलं नाही तर चापटी मारतो. त्या दिवशी तिने काचेला नाक लावलं आणि सातव्या मजल्यावरून खाली कचऱ्याची गाडी बघून "गा! गा!" ओरडायला लागली. मी गादीवर दोन बटणं काढून बसलेली. स्टेशनवर कुणाला उतरवून घ्यायला जावं आणि तो माणूस दुसऱ्याच दाराने उतरून निघून गेलेला असावा, तसं काहीतरी. वाईट वाटलं असं म्हणता येणार नाही. मला कुतूहल वाटत होतं. उजव्या बाजूला जडपणा होता, बारीक ठणका होता. नेनेने ठरवलं होतं, पण माझ्या अंगापर्यंत ती बातमी अजून पोचली नव्हती. ते आपलं नेहमीच्या वेळी तयार होऊन बसलं होतं. हे मला ओळखीचं वाटलं. अंगाला बातमी उशिरा पोचते, हे मी एका माणसाकडून शिकले होते, आणि त्याचंच पोस्टकार्ड तासाभराने दाराच्या फटीतून आत पडलं.

किरिहारा सर. बिवा तळ्याकाठच्या एका सूतगिरणीचा बायकांचा धावण्याचा संघ होता, त्याचे ते कोच, फुमिएकाकूंचे नवरे. कॉलेज संपल्यावर सहा वर्षं मी त्या संघात होते. सकाळी धावायचं, दुपारी गिरणीच्या कार्यालयात पाकिटांवर पत्ते लिहायचे, संध्याकाळी पुन्हा धावायचं. नंतर संघ बंद झाला, मग गिरणीही. मी लग्न करून नागोयाला आले. सर तिथेच, मोरियामाला, पुलाजवळच्या छोट्या घरात राहिले. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या तेव्हापासून दर बुधवारी त्यांचं कार्ड येतं. तळ्याचं पाणी किती चढलं, बदकं किती, काठावरची मोहरी फुलली का, दातांचा डॉक्टर कसा चोर आहे. बारीक, दाबून लिहिलेलं अक्षर, चौदा ओळी, शेवटची ओळ कडेने वर चढलेली. मी ती कार्डं बिस्किटांच्या डब्यात ठेवते. उत्तरही देते, पण महिन्यातून एकदा, आणि त्यातही नेनेचेच पराक्रम.

जानेवारीत मी त्यांना लिहिलं होतं की नेनेचं अंगावरचं दूध सोडवायचंय आणि जमत नाहीये. असं कुणी आपल्या कोचला लिहितं का? पण सासूबाई म्हणत, "कडू लाव, एका दिवसात सुटेल," आणि आरोग्य केंद्रातली बाई म्हणे, "मुलीच्या कलाने घ्या, ती ठरवेल." या दोघींच्या मध्ये मी रोज थोडी थोडी घाबरत होते. सरांचं उत्तर नेहमीच्या बुधवारी आलं. त्यात आमच्या वेळी सरावाचा असायचा तसाच तक्ता: सात वेळा पाजत असशील तर पहिल्या आठवड्यात पाच, मग चार, मग तीन, मग दोन, शेवटी एक. खाली लिहिलं होतं, "नियम तोच. अंतर कमी करायचं, वेग नाही. जेव्हा पाजशील तेव्हा पोटभर, घड्याळाकडे न बघता. मीही तेच करतोय." मला वाटलं, मीठ. किंवा सिगरेट, काकूंच्या माघारी पुन्हा सुरू केलेली. तोमोआकी, माझा नवरा, कार्ड वाचून म्हणाला, "मीही तेच करतोय? म्हातारा कुणाला पाजतोय?" आणि आम्ही दोघं इतके हसलो की नेने उठली.

शर्यतीआधी सराव कमी करत न्यायच्या दिवसांना आम्ही उतरण म्हणायचो. ज्यांनी ते दिवस काढले नाहीत त्यांना वाटतं, मजा असेल, सराव कमी, आराम जास्त. खरं तर महिनोन्‌महिने अंगावर जे ओझं चढवलेलं असतं ते उतरवायचं, आणि उतरवताना कळतं की त्या ओझ्यानेच आपल्याला उभं धरलं होतं. पहिल्या आठवड्यात पाय ओल्या गोधडीसारखे होतात. नसलेली दुखणी उठतात. माझा तर एकदा कान दुखायला लागला होता, धावायला कान लागतो तरी कुठे. साबणाच्या वडीवरून भांडणं होतात. मग हळूहळू वास वाढतात. जिन्याच्या खालच्या पायरीवरून मला सांगता यायचं की वर तिसऱ्या खोलीत कुणीतरी संत्रं सोलतंय. सगळं जवळ येतं, मोठं होतं. नळाचा थेंब, कुणाच्या तरी चपलेचा निघालेला पट्टा. जे इतके दिवस धावण्यात जळत होतं ते आता बघण्यात जात असतं. नेने झाल्यापासून लोक मला म्हणतात, तू फार बघतेस, फार काळजी करतेस. मला वाटतं ती सवय तिथली आहे.

सरांचे नियम होते. पायांची नखं बरोबर दहाव्या दिवशी कापायची, नंतर हात लावायचा नाही. नवं काही खायचं नाही. शेवटच्या बुधवारी, म्हणजे रविवारच्या शर्यतीआधी, एकच हजार मीटर, शर्यतीच्या वेगाने, बाकी काही नाही. पायांना आठवण राहावी म्हणून. फळ्यावर त्या दिवशी ते फक्त "आज एक" लिहायचे. आणि सगळ्यात कडक नियम मौनाचा: शेवटचे दहा दिवस जिची उतरण चालू आहे तिला कुणी फोन करायचा नाही. आईने नाही, मित्राने नाही, देवानेही नाही, असं संघातली चिगुसा म्हणायची. आत जे साठतंय ते बोलण्यात सांडतं, असं सरांचं म्हणणं. त्यामुळे जी पोरगी गप्प व्हायची तिची आम्हाला काळजी नसे. "जमलं हिचं," आम्ही म्हणायचो. बडबडणारीवर नजर ठेवायचो. आम्ही सगळ्या जणी अशा घडलो आहोत, आणि चूक झाली ती याच्यामुळेच. गेल्या महिन्यात सरांची कार्डं लहान होत गेली तेव्हा मी चिगुसाला कळवलं होतं, "सर शांत झालेत. काकूंचं दुःख उतरलं वाटतं." आणि तिने हसऱ्या तोंडाची तीन चित्रं पाठवली होती.

बुधवारच्या कार्डावर दोनच वाक्यं होती. "आज एक. पाय हलके."

मी पँट तिथेच टाकली, डबा काढला आणि कार्डं जमिनीवर मांडली. नेने मदतीला आली, म्हणजे त्यांच्यावर उभी राहिली. तिच्या टाचांच्या मधून मी ओळी मोजल्या. डिसेंबर अखेरपर्यंत चौदा, चौदा, चौदा. मग अकरा. मग नऊ. मग सात, पाच, तीन. मग हे. आमची उतरण तीन आठवड्यांची असायची, ही सहा आठवड्यांची. वय धरलं असणार. कार्ड उलटं करून मी पाठीमागून बोट फिरवलं. अक्षरांचे उंचवटे तेवढेच होते, चौदा ओळींच्या कार्डावर होते तेवढेच. थकलेला माणूस कमी लिहितो तेव्हा त्याचं पेनही हलकं होतं. इथे दाब जसाच्या तसा होता. अंतर कमी झालं होतं, वेग नाही. आणि सहा आठवडे मी दर बुधवारी हा तक्ता वाचत होते, त्यातूनच माझ्या मुलीची पाजणी कमी करत होते, आणि हा माणूस शहात्तराव्या वर्षी काय कमी करतोय हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांचं हृदय नीट नाही. गेल्या शरद ऋतूत नगरपालिकेच्या जिन्यात ते पडले. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची एक झडप आकसली आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, तोवर सपाट रस्त्यावर अर्धा तास चालायचं आणि बस. एप्रिलात चेरी फुलून गेल्यावरची तारीख मिळाली आहे. त्यावर सरांनी लिहिलं होतं, "दाराची बिजागरी गंजली आहे म्हणे. आत माणूस आहे अजून." मी तेव्हा ते वाक्य तोमोआकीला वाचून दाखवलं होतं, विनोद म्हणून.

चिगुसा माझ्याबरोबर धावायची, आता मोरियामाला डब्यांचं दुकान चालवते. मी फोन केला तेव्हा तिच्या मागे तळणीचा आवाज होता.

"साये? अगं दुपारची गर्दी आहे. नेने पडली का?"

"नेने ठीक आहे. सर दुकानात आले होते का एवढ्यात?"

"सोमवारी आले. आणि कालही. का?"

"काय घेतलं?"

"तू पोलिसात लागलीस काय? भात. नुसता भात, तीन डबे. मी म्हटलं, सर, वरती काहीतरी घाला, मासा घाला, लोक म्हणतील चिगुसा म्हाताऱ्याला उपाशी मारते. तर म्हणाले, तळलेलं नको, नवीन काही नको. मी म्हटलं, काय सर, बारीक व्हायचंय? म्हणाले, उलटं." आणि तिथे चिगुसा थांबली. तळणीचा आवाज तेवढा येत राहिला. "साये," ती म्हणाली, "आपण शर्यतीआधी भरायचो तसा भात भरतायत का ते?"

"आणि बूट? नवे घेतले?"

"माझ्या भाच्याच्या दुकानातून. महिना झाला. अर्धा अंक मोठे. मी मेलीने सूटसुद्धा मिळवून दिली. मला वाटलं पाय सुजत असतील. अगं, आपण अर्धा अंक मोठे कशाला घ्यायचो?"

बेचाळीस किलोमीटरमध्ये पाय सुजतात म्हणून. हे आम्हा दोघींनाही कुणी सांगायला नको होतं.

"थांबवायचं?" चिगुसाने विचारलं. "जाऊ मी? दुकान बंद करते, जाते, बूट उचलून आणते. लहानपणी माझी आई माझे असेच लपवायची."

"थांब," मी म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा कळत नव्हतं. नेने एका कार्डाचा कोपरा चघळत होती आणि मी तो तिच्या तोंडातून काढत होते. हळूच, कारण ओढला तर फाटला असता.

माझ्या शेवटच्या शर्यतीनंतरची एक गोष्ट मला आठवत होती. शर्यत संपली की सर वेळ विचारायचे नाहीत, क्रमांक विचारायचे नाहीत. ते त्यांना माहीतच असायचं. घामाने थंड पडलेल्या मुलीच्या खांद्यावर टॉवेल टाकून ते एकच विचारायचे, "सकाळी कसं वाटलं?" निघण्याआधी, रेषेवर उभं राहताना, ते सगळं उतरवून झाल्यावर. आणि तिने जे सांगितलं ते वहीत लिहायचे. चिगुसाने सांगितलं होतं, "भूक लागल्यासारखं, पण पोटात नाही." कुणी म्हटलं होतं, "शाळेच्या सहलीसारखं." मी सांगितलं, "जिना उतरताना पायऱ्या कमी वाटल्या, सर." त्यांनी ते लिहिलं आणि लिहिलेल्याकडे खूप वेळ बघत राहिले, परक्या गावाचा पत्ता वाचावा तसं. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागे होते. मला धीर कुठून आला कोण जाणे, मी विचारलं, "सर, तुम्हाला कसं वाटायचं? तुमच्या वेळी?"

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

मग वळून न बघताच सांगितलं. त्यांच्या तरुणपणी उतरण वगैरे काही नव्हतं. कमी करणं म्हणजे कच खाणं. त्यांच्या कोचने शर्यतीच्या चार दिवस आधी चाळीस किलोमीटर पळवलं होतं, आदल्या दिवशी वीस. रेषेवर ते उभे राहिले तेव्हा उभ्या उभ्या झोप येत होती. तीस किलोमीटरवर रस्त्याकडेच्या मोरीवर बसले. एका बाईने आणून चहा दिला. ती त्यांची पहिली आणि शेवटची मोठी शर्यत; पुढे टाच गेली. "तुम्हा सगळ्यांना ताजं करून उभं केलं," ते म्हणाले, "पण ते काय असतं ते मला ऐकूनच माहीत आहे." बसमध्ये बाकीच्या पोरी झोपल्या होत्या. काकू पुढच्या बाकावर होत्या, त्यांनी ऐकलं असणार, कारण त्यांनी मागे हात करून सरांच्या गुडघ्यावर एक सोललेलं अंडं ठेवलं. सरांनी ते खाल्लं. त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही.

दुपारी तोमोआकी जेवायला घरी आला, त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस आहे, पुलांची तपासणी करतो, त्याला तडे दिसतात. नूडल्स थांबवून त्याने ऐकलं आणि म्हणाला, "त्यांच्या डॉक्टरांना फोन कर. आत्ता. यात विचार कसला करायचा?"

"त्यांच्या आयुष्यात एवढी एकच गोष्ट…"

"साएको, झडप आकसलेला माणूस बेचाळीस किलोमीटर धावायला निघालाय. हे मला एखाद्या पुलाबद्दल कळलं तर मी रस्ता बंद करतो. पुलाला कसं वाटेल ते विचारत बसत नाही."

"धावणार नाहीत. चालतील, मधून मधून धावतील. तासाला सहा. सात तास."

"ते तुला कसं माहीत?"

मला माहीत होतं. मी त्यांच्या जागी असते तर तसंच आखलं असतं. त्यांनीच तसं आखायला शिकवलं होतं.

"आणि काही झालं तर," तो हळू आवाजात म्हणाला, "तू काय करशील? तुला झोप लागेल पुन्हा? नेनेला शिंक आली तरी तू दिवा लावून बसतेस."

तो गेल्यावर मी फोन घेऊन बसले. डॉक्टरांचा नंबर शोधला. नंतर तो न लावता सरांचा लावला. त्यांच्या मौनाचे दहा दिवस चालू होते, रविवार धरला तर सहा झाले होते, आणि त्या घरी फोन करताना मी दार लोटून घेतलं, जणू वसतिगृहातल्या फोनवरून चोरून कुणाला तरी लावतेय. आठ वेळा वाजला. मी मोजलं. माणूस पडला असेल तर किती वेळा वाजेल, किती झाल्यावर चिगुसाला पळवायचं, हे सगळं मोजलं. नवव्या वेळेला उचलला गेला. पलीकडे एक घड्याळ ऐकू येत होतं, काकूंचं, स्वयंपाकघरातलं.

"होसोमी," सर म्हणाले. माझं माहेरचं नाव. "नियम."

"हो सर. माफ करा."

ते ठेवतील असं वाटलं. ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता, आणि मी तो ऐकत होते, नेनेचा ताप मोजताना ऐकते तसा. सम होता. आत जरा लांब, बाहेर जरा आखूड, कुठे अडखळत नव्हता.

"दूध सुटलं पोरीचं?" त्यांनी विचारलं.

"आज सकाळी, सर. मागितलंच नाही."

"तुला?"

"जड वाटतंय. अंगाला अजून कळलं नाही."

"दोन दिवस लागतात," ते म्हणाले. आणि मग, सहा आठवड्यांत साठवलेल्यातलं थोडं खर्च करावं तसं, "परवा मी कोपऱ्यावरच्या घरातला मिसोच्या सुपाचा वास ओळखला, होसोमी. रस्त्याच्या पलीकडून. त्यात काय घातलं होतं तेही कळलं. गोबोची मुळं आणि तीळ. तुम्ही पोरी सांगायचात ते खरं होतं तर."

माझ्या तोंडाशी आलं होतं: सर, जाऊ नका. शब्द तयार होते, ओळीत उभे होते. पण ते बोलत होते तो आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. लहान मुलाचा म्हणता येणार नाही, आणि म्हाताऱ्याचाही नव्हता. एखादी गोष्ट पहिल्यांदा हातात घेऊन उलटसुलट बघणाऱ्याचा. मी म्हटलं, "नखं कापलीत?"

"दहाव्या दिवशी," ते म्हणाले, जरा रागावून, आणि फोन ठेवला.

तेव्हापासून दोन दिवस झाले. आज शुक्रवार आहे, नेने झोपली आहे, उजवीकडचा ठणका गेला आहे. मी डॉक्टरांना फोन केलेला नाही. हे बरोबर केलं असं मी म्हणत नाही. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मी दर तासाला नंबर काढते आणि ठेवते. फुमिएकाकू असत्या तर त्यांनी काय केलं असतं, याचा विचार केला. मला वाटतं, त्यांनी अंडी उकडली असती. मी आणि चिगुसाने ठरवलं आहे. गिरणीच्या वेळी आमचा लांब सरावाचा रस्ता होता, मोरियामाच्या पुलापासून हिकोनेच्या बंदरापर्यंत, तळ्याला डावीकडे ठेवून. आम्हीच तो चाकाने मोजला होता आणि कडेच्या दगडांवर दर पाच किलोमीटरला पांढरा पट्टा मारला होता. चिगुसा म्हणते, पहिला पट्टा कुणीतरी नुकताच पुन्हा रंगवलाय. सर सहाला निघतील. आम्हालाही ते नेहमी सहालाच बाहेर काढायचे. पंधराव्या किलोमीटरच्या पट्ट्याशी साडेआठला चिगुसा असेल, भाजी घ्यायला निघाल्यासारखी. तिसाव्याशी अकराला मी असेन, नेनेला घेऊन, थरमासमध्ये चहा आणि खिशात फोन. तीसवर त्यांना कुणीतरी चहा दिला होता म्हणून. तोमोआकी गाडी घेऊन येणार आहे. त्याने हृदयाला झटका देऊन चालू करायचं ते यंत्र त्या रस्त्यावर कुठे कुठे आहे त्याची यादी केली. दोन ठिकाणी आहे. दोन्ही ठिकाणी तो स्वतः जाऊन दार उघडं आहे का बघणार आहे.

पण मधे उरतंच. पंधरा ते तीस हा अडीच तासांचा रस्ता, लव्हाळी, दोन मासेवाले आणि वारा. तिथे आमचं कुणी नाही. म्हणून हे लिहिते आहे. सर वारा बघतात. इबुकीच्या डोंगरावरून जोराचा वारा सुटला तर ते एक आठवडा पुढे ढकलतील, पाय तेवढे दिवस ताजे राहतात, म्हणून येता रविवार नाही तर त्याच्या पुढचा. तुम्ही मासे पकडायला जात असाल, पोराला सायकल शिकवायला नेत असाल, नुसते पाणी बघत बसणार असाल. एक बारीक, उंच म्हातारा येईल, निळी लोकरीची टोपी, बूट नवे, अर्धा अंक मोठे. त्यांना थांबवू नका. पण त्यांच्या बाजूने दहा पावलं चाला आणि विचारा, "आज नाश्त्याला काय होतं?" आम्ही धावताना सर सायकलवरून शेजारी यायचे आणि हेच विचारायचे, आणि पूर्ण वाक्य एका दमात बोलावं लागायचं: आज नाश्त्याला भात होता, मिसो होतं आणि मुळ्याचं लोणचं होतं. एका दमात बोलता आलं तर पुढे जा. शब्द तुटला तर चाल. ते हसतील, त्यांना लगेच कळेल की तुम्हाला कुणी पाठवलंय. वाक्य पूर्ण झालं तर जाऊ द्या. भाताच्या पुढे दम तुटला, किंवा ओठ निळसर दिसले, किंवा ते उगीच बडबडायला लागले, तर त्यांचं काही न ऐकता त्यांना बसवा आणि रुग्णवाहिकेसाठी एकशे एकोणीसला फोन लावा. आणि वाक्य पूर्ण झालं, तर कृपा करून आणखी एक विचाराल का? सकाळी कसं वाटलं? आम्हा एकेचाळीस जणींना त्यांनी हे विचारलं. त्यांना अजून कुणीही विचारलेलं नाही.